आवाजावरून

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत
आकाराम चौगुले सुटी झाल्यावर दहा मिनिटं थांबायचा.
कुणी सांगितलं नव्हतं.
डबा सायकलला अडकवलेला, हातपाय धुतलेले,
आणि तरी परत आत येऊन
थंड झालेल्या पंपाच्या बॉड्यांवर
छोट्या हातोडीनं एकेक टोला.

टण. पुढं.
टण. पुढं.
थद्,
की खडूची फुली, आणि मान जराशी हलायची,
स्वतःच्या पोराच्या प्रगतिपुस्तकात
लाल रेघ दिसावी तशी.

मी रकान्यांचा माणूस.
त्या दहा मिनिटांना माझ्या रजिस्टरात रकाना नव्हता.
ते मला खुपायचं, खरं सांगतो.
मीच कागद वर पाठवला.

पुण्याहून सल्लागार आले पांढरे बूट घालून,
संध्याकाळपर्यंत बुटांना वाळूचा रंग.
म्हणाले, माणूस दोनच गोष्टींनी हलतो,
आणि दोन्ही फळ्यावर लिहिल्या.
फुलीमागं पाच रुपये ठरले.
जेवणघराच्या भिंतीवर चौकट आली,
चौकटीत आकाराम,
टोपी काढायला लावून काढलेला,
कपाळाची वरची पट्टी गोरी.
शिवाय एक प्रेशर कुकर.

पण फुली आता कुणाच्या तरी नावावर पडू लागली.
साचा कुणाचा? दस्तगीर मुल्लाणीचा.
त्याच दस्तगीरच्या डब्यातलं सुकट
अकरा वर्षं अर्धं आकारामच्या झाकणात पडायचं.
एका दुपारी झाकण रिकामं राहिलं.
भांडण नाही, शब्द नाही.
दस्तगीर जरा वळून बसला.
ऊन लागतंय, म्हणाला.
पत्र्याखाली कसलं ऊन?

दुसऱ्या दिवसापासून
भोंगा झाला की आकाराम सरळ सायकलवर,
पंचगंगेचा पूल ओलांडून
उजेडातच बावड्याला घरी.
महिनाभर माझं रजिस्टर इतकं स्वच्छ
की साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला.

मग एक ट्रक उलटा आला.
एकशे चाळीस नग, सगळे माझ्या सहीचे,
पोटात बारीक भेगा.

पाचाचे दहा करून बघितले.
"साहेब," आकाराम म्हणाला,
"कान दुखत्यात अलीकडं."
मग पैसे बंद केले, चौकट उतरवली.
भिंतीवर तेवढाच एक उजळ चौकोन उरला
आणि जेवताना सगळे त्याच्याकडं पाठ करून बसतात.
तरीही तो पाचनंतर थांबेना.

आता मी थांबतो.
हातोडी त्याचीच, फळीवर सोडून गेलेली,
दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
ट्यूबवर त्याच्या अंगठ्याचा खळगा.
माझा अंगठा त्यात बसत नाही.
मारतो.
मला सगळंच टण ऐकू येतं.

परवा मागं सायकलचं स्टँड लागल्याचा आवाज आला.
मी वळलो नाही.
"बुडाला मारा की वो. पोटावर नगं."
बुडाला मारलं.
"आन् मारल्यावर दम धरा. लगीच दुसरा टोला कशाला?"
दारात दस्तगीर उभा होता.
त्याची बस निघायची वेळ झालेली,
आणि तो जात नव्हता.

दम धरला.
भट्टीच्या पंख्यामागून, खूप खालून,
थद्, किंवा तसंच काहीतरी.

खडू काढायला खिशात हात घातला.
पेन निघालं.