सेहेचाळिसावा पट

पहिल्या फेरीत मी नवव्या पटावर होतो.
पंख्याखाली, खिडकीशी,
मांडवीवरचा वारा स्कोअरशीट उडवील म्हणून
तिच्यावर चष्म्याचं घर ठेवून.
मग तेविसावा. मग पस्तिसावा. एकेचाळीस. चव्वेचाळीस.
हरणारा माणूस सभागृहात मागे मागे सरकत जातो.
कुणी ढकलत नाही. भिंतीवर यादी लागते
आणि आपलं नाव शोधत बोट खाली उतरतं.

आज सेहेचाळीस. याच्यापुढे पट नाही.
पुढे रचून ठेवलेल्या खुर्च्या,
कामट्या निघालेला नाताळातला तारा,
आणि संडासाचं दार, जे नीट लागत नाही.

चौथ्या फेरीचं सांगतो.
(तिसरीत सांगण्यासारखं नाही, तो मुलगा बरा खेळला.)
चौथीत मी एका प्याद्यानं वर होतो.
घड्याळात बावीस मिनिटं.
वजीर उचलला, ठेवला,
बोटं सोडली न सोडली
तोच बोटांना कळलं.
डोक्याला मागाहून.
घोडा तिथंच होता, दहा चालींपासून,
शेजारच्यांच्या कुत्र्यासारखा
ज्याच्याकडे आपण बघणं सोडून दिलेलं असतं.
समोरच्या मुलीनं वजिराकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मग पुन्हा वजिराकडे.
दहा वर्षांची असेल. तिला वाईट वाटलं.
तेवढं नको होतं.

साखळीला पोचेस्तोवर कदंबाच्या खिडकीत
ती चाल मी परत घेत राहिलो,
बाणस्तारीच्या पुलावर एकदा,
माशेलला गाडी थांबली तेव्हा दोनदा.
सकाळी दुकान उघडलं तर पित्ताची गोळी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक
आधी विचारतं, "कितें जालें?"
"गेलो."
बावीस वर्षांत या हातानं
एक चुकीची बाटली दिलेली नाही कुणाला.
डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लागतं मला.
समोर बसलेला घोडा दिसत नाही.

तर आज समोर कुणीच नाही.
खुर्ची रिकामी, आणि घड्याळ तिचा वेळ खातंय.
पंच लोर्देसबाई म्हणाल्या, अर्धा तास वाट बघू,
नाही आला तर गुण तुमचा.
आयता. पाच हारींनंतर.
मी तो मनात लिहूनही पाहिला, एक, शून्यांच्या रांगेत,
चांगला दिसत होता.
आणि तरी मान सारखी दाराकडे वळत होती.
ये बाबा. कुणीही ये.
एवढं काही कुणाची वाट पाहिली नव्हती
हल्लीच्या वर्षांत.

सत्ताविसाव्या मिनिटाला आगुस्तिन मिनेझिस आले.
सत्तरीचे, चोडणचे, शर्टाचं एक बटण वर लागलेलं.
फेरीबोटीत जागा नव्हती म्हणाले, दोन सोडल्या.
हात पुढे केला. तळव्याला डिझेलचा जुना वास.
यादीकडे हनुवटी करून हळूच म्हणाले,
"म्हजेय पांच."
माझेही पाच.
आम्ही दोघं एवढ्या मोठ्यानं हसलो
की बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

अकराव्या चालीला त्यांनी उंट उचलला, ठेवला.
मी पट पाहत नव्हतो, त्यांचा हात पाहत होतो.
तो घड्याळापर्यंत गेला
आणि बटणावर इंचभर अडला.
ओळखला मी तो हात.
आता डोक्याला कळेल. आता.
त्यांनी बटण दाबलं,
चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला,
आणि एक शब्द बोलले नाहीत.

उंट फुकट होता.
तीनदा तपासलं, गोळ्या मोजाव्यात तसं.
काय करायला हवं होतं मी?
न पाहिल्यासारखं केलं असतं
तर त्यांनी ओळखलं असतं, सत्तरीचा माणूस तो.
घेतला.
मुठीत उबदार होता, त्यांच्या बोटांचा.
कागदावर लिहिलं, बारीक अक्षरात.
"बरें," ते म्हणाले, आणि दोन्ही कोपरं टेबलावर रोवून
असे वाकले पटावर
जसा बंद पडलेल्या इंजिनावर वाकतो माणूस.

एक उंट वर आहे मी.
हरायला अजून खूप चाली शिल्लक आहेत.
मागे ते दार पुन्हा उघडलंय.