तीस तासांचा एक

परिपत्रक आलं तेव्हा ऑफिसात लाईट नव्हती.
खिडकीशी धरून वाचलं:
बारावीचा दाखला हवा, तर श्रेयांक चाळीस.
तीस तासांचा एक.
कलम, पोटकलम, परंतुक,
आणि तळाशी सही, कुणाची ते शाईलाच माहीत.

मी राजारामपुरीतल्या शाळेची लिपिक.
एकोणतीस वर्षं मुलांची नावं
दाखल्यावर काना-मात्रा न चुकता बसवत आले.
यंदा नावांपुढे बेरीज बसवायची होती.
बहुतेकांची बसली.
कुणाचं एनसीसी, कुणाची पेटी,
एकीनं मामाच्या बँकेत
आठ दिवस पंख्याखाली बसून दोन मिळवले.

तौफिक शिकलगार, बारावी क,
अडतीसवर अडला.

संध्याकाळी पाच ते नऊ तो उद्यमनगरात लेथवर असतो.
सोमवारी कारखाना बंद, तेवढी एक संध्याकाळ त्याची.
काउंटरपुढे उभा राहिला की
आधी कूलंटचा वास येतो, मग तो.
नखांत बिडाचा काळा चुरा,
परीक्षेच्या दिवशीसुद्धा न निघणारा.

कलम सात तसं चांगलं आहे.
गणितात गेलेले श्रेयांक
कामाच्या अनुभवातून भरून काढता येतात.
"किती वर्षं झाली?"
"दोन. वर्षाला तीनशे दिस धरा, रोजचं चार तास."
मी कॅल्क्युलेटर शोधत होते.
"ऐंशी हुत्यात मॅडम."
गणितात नापास मुलगा म्हणाला.

ऐंशी! दोनच हवे होते.
उरलेले अठ्ठ्याहत्तर वर्गात वाटले असते तरी चाललं असतं.
दोघंही हसलो.
मग मी पान उलटलं.

"परंतु, असे काम
कोणताही मोबदला न घेता केलेले असावे."

पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं.
विभागीय कार्यालयात फोन लावला,
तिकडून आवाज आला: मॅडम, जे लिहिलंय ते लिहिलंय.

मग मीच गेले उद्यमनगरात.
सासने लेथ वर्क्स, पत्र्याचं शेड,
दारात लोखंडाच्या कुरळ्या जावळाचा ढीग.
म्हटलं, दोन ओळी लिहून द्या,
मुलगा बिनपगारी शिकतोय म्हणून.
सासन्यांनी मशीन बंद केलं.
"बाई, दर शनिवारी हातावर पैसे ठेवतोय मी त्याच्या.
पोराच्या आईला ठावं हाय, गल्लीला ठावं हाय.
फुकट राबवून घेतलं असं मीच लिवून देऊ?
उद्या त्यो पास हुईल,
माझं काय हुईल?"
चहा मागवला. सहीचं पुन्हा काढलं नाही
त्यांनीही, मीही.
तौफिक मागं मायक्रोमीटर धरून
केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक शोधत होता.
त्याला ती सापडली.

आता फॉर्म माझ्या टेबलावर आहे.
रकाना अकरा: अनुभव.
रकाना बारा: मोबदला, होय की नाही.
खोटं लिहायला एक टिंबसुद्धा लागत नाही,
नुसती एक खूण.
एकोणतीस वर्षं पगार घेऊन मी जे शिकले
ते मोजायचं ठरलं
तर माझाही रकाना कोराच.

काल तो पुन्हा आला.
आमचं पंचिंग मशीन महिनाभर अडकलेलं,
त्यानं खिशातनं कानस काढली,
स्प्रिंग सरळ केली, दोनदा दाबून बघितलं.
मी वीस रुपये पुढे केले.
त्यानं घेतले. मग काय वाटलं कोण जाणे,
नोट परत काचेवर ठेवली.
"ऱ्हाऊ द्या. ह्ये फुकट धरा.
अर्धा तास झाला.
साठातला एक भाग तरी बसतोय का बघा की."

शेवटची तारीख एकतीस.
नोट अजून काचेवरच आहे.
मशीन छान चालतंय.