भांग

भांग म्हणजे केसांतला नव्हे, साहेब,
पाण्याचा.
सप्तमी-अष्टमीला खाडी अंग चोरते,
भरती येते ती उंबऱ्यावरूनच मागं फिरणाऱ्या पाहुण्यासारखी,
उघाडीच्या तिसऱ्या फळीला शिवत नाही.
हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुम्ही लातूरकडचे, रबाळ्याच्या चौकीत नवे.
वहीवर पेन टेकवून विचारलंत, पाणी किती होतं?
मी म्हणालो, उधाण होतं.
तुम्ही लिहिलंत, उधाण,
आणि धाचा काना पुसट उमटला म्हणून
पुन्हा गिरवलात.

चौतीस घरं आमची, बांधाच्या आत.
पुढं मिठागर, त्याच्या पुढं तिवरं.
रात्री बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचे दिवे दिसत,
ते दुसऱ्या कुणाच्या तरी देशातले वाटत.
चौतीस घरांत एक आडनाव, एक गावदेवी,
आणि कुणाच्या चुलीवर काय शिजतंय
ते बांधावरून वासानं सांगणारी माणसं.

लहानू हिलम कर्जतकडून आला मीठ ओढायला.
एक फावडं, एक घोंगडी.
त्याचा पेला वेगळा,
कुंपणाच्या काठीवर उलटा घातलेला,
जर्मनचा, कानाला चेपलेला.
पाणी वरून ओतायचं, हात लागू द्यायचा नाही.
यात वाईट काही आहे असं कुणाला वाटलं नाही.
मलाही नाही.

चांगुणा माझी धाकटी बहीण,
बाविसाव्या वर्षी मोकळ्या कपाळानं परत आलेली.
फाल्गुनातल्या दुपारी, मिठाचे ढीग डोळ्यांत खुपत असताना,
तिनं तो पेला काठीवरून काढला,
भरला, अर्धा स्वतः प्याली,
उरलेला त्याच्या हातात दिला.
एवढंच.
बाकीचं गावानं रचलं.
त्यातलं थोडं खरंही होतं.

अष्टमीच्या रात्री चौघे माझ्या दारात आले.
तिघे आता नाहीत,
चौथ्याच्या नातीचं या महिन्यात लग्न आहे.
"पोरा, कंदील दे."
मी दिला. कशाला, ते विचारलं नाही.
न विचारण्याला तुमच्याकडं कलम कोणतं?

पहाटे तो वाफ्यात पालथा होता.
चिखलात ठसे,
सरळ आमच्या दारांकडं येणारे.
भरती येऊन पुसेल म्हणून बसून राहिलो.
भांगाचं पाणी ते, कशाला येतंय?
मग मीच उघाडीच्या सगळ्या फळ्या उपसल्या
आणि खाडी आत घेतली.
ठसे गेले.
पंधरा दिवसांचं मीठही गेलं.

गाव म्हणालं, दारू. गाव म्हणालं, उधाण.
तुम्ही फाईल बांधलीत.

चांगुणा रडली नाही.
तेराव्या दिवशी वाफ्याच्या काठाला उकिडवी बसली,
पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं,
मग घरी येऊन भात टाकला.
अष्टमीचा उपास होता तिचा, तिथी विसरणार कशी?
"दादा, आठमीला पानी कवरं चरतं?"
लहानपणी उघाडीवर बसवून
बोटांच्या पेरांवर मीच शिकवलं होतं तिला.
म्हणालो, "गुडघाभर."
"मंग मीठ कुनी इरघलवलं?"

भात करपला. कुणी उठलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या घरात तिचा पेला वेगळा,
तोच, जर्मनचा.
स्वतः भरायची, स्वतः विसळायची.
एकतीस वर्षं आमच्या हातचं पाणी
तिनं वरूनसुद्धा घेतलं नाही.

उघाडी आता सिमेंटची आहे. मिठागरावर काचेच्या इमारती,
त्यांच्या तळघरांत अजून ओल येते म्हणतात.
चांगुणा पौषात गेली.

तुमचा पत्ता शोधत इतक्या लांब आलो, साहेब.
वही कुठं असेल तर तो शब्द खोडा.
नसली, तर हा पेला ठेवून घ्या.
नाही, असा नको, टेबलावर नको.
हातात घ्या.