नोंद

लॅमिंग्टन रोडवर मुर्तझाभाईंच्या फळीवर
सात टॅब ओळीने मांडलेले.
कोपऱ्यात चिरलेला घेतला, अठराशेला.
"बॅटरीची खात्री नाही," ते म्हणाले,
"भिंतीवरच लटकवायचाय ना, मग कशाला हवी."

पाठीवर कर्कटकाने कोरलेलं:
समिधा लोखंडे, पाचवी ब.
म्हणजे घराघरात शाळा भरायची
त्या दिवसांतला.
आतलं सगळं मी पुसलं.
कोरलेलं कसं पुसणार?
नाव भिंतीकडे करून चिकटवला
कन्नमवार नगरातल्या आमच्या खोलीत,
दिनदर्शिकेचा खिळा होता तिथे.
आईने खालून धरलं होतं, डिंक वाळेपर्यंत.
दिनदर्शिका फ्रीजच्या कुशीला गेली,
दुधाच्या खाड्यांसकट.

दोन रविवार मोडले.
स्विचांच्या मागे काडेपेटीएवढे रिले,
पडद्यावर बटणं: हॉलचा पंखा, गीझर,
आणि मी "झिरोचा बल्ब" लिहिलेलं तिने बदलायला लावलं,
देवाजवळचा दिवा.
बॅटरी सतत चार्ज होत राहिली
तर कढईतल्या पुरीसारखी फुगते,
म्हणून विसावर सुरू, ऐंशीवर बंद.
"पोटभर द्यायचं नाही म्हणे त्याला,"
आईने तांडेलमावशींना सांगितलं,
"तुमच्या ह्यांच्यासारखंच."

पण तिचं बोट त्याला कळेना.
एकतीस वर्षं कांजूरच्या कारखान्यात
कॅपॅसिटरचे पाय वाकवून वाकवून
टोकं काचेसारखी गुळगुळीत झालेली.
रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्रही
दर महिन्याला तिला तीनदा परत पाठवतं.
तिने बोट पदराला पुसलं, फुंकर मारली,
पाण्यात बुडवलं.
मग वैतागून भिंतीवरचं जुनं बटण दाबलं, खट्.
पंखा लागला, आणि पडद्यावरचं पातंही
गरगरू लागलं.
"बघ," ती म्हणाली, "शिकला माझ्याकडून."

माझी रात्रपाळी ऐरोलीला,
दुसऱ्यांच्या सर्व्हरांना गार वारा लागतोय ना
हे बघत बसायची.
फोनवर आमचं घर बारीक अक्षरांत उतरतं:
स्वयंपाकघर, दिवा सुरू, ३:१२.
बंद, ४:०५.
रोज.
एका सकाळी चहा गाळत होती तेव्हा विचारलं,
तीनला उठतेस का गं?
तिने गाळणी पातेल्याच्या काठावर आपटली,
नेहमीपेक्षा एकदा जास्त.
"तुला कुणी सांगितलं?"
मी भिंतीकडे पाहिलं.
तिनेही.

त्यानंतर आठ रात्री दिवा लागला नाही.
मला बरं वाटलं.
नवव्या रात्री नोंदींत आणखी खाली गेलो,
तिथे मीच लावून विसरलेलं एक कलम होतं:
समोर कुणी आलं की पडदा जागा होतो.
जागा, ३:१०.
जागा, ३:३१. ३:३३. ३:५०.

अंधारात फिरत होती,
माझ्या फोनला चुकवत,
आणि समिधाचा टॅब
दर फेरीला तिच्या तोंडावर निळा उजेड मारत होता.

इथून दिवा लावता आला असता.
देवाजवळचा.
माझं बोट त्याला कळतं, एकदाच दाबलं की पुरे.
पण आपोआप पेटणाऱ्या दिव्याला
तीन वाजता कोण घाबरणार नाही?
फक्त पडद्याचा उजेड उतरवला,
शंभरावरून बारावर.

सकाळी आलो तर त्याच्यावर मोरपंखी ब्लाऊजपीस,
कुणाच्या तरी डोहाळजेवणातला,
वर दोन चिकटपट्ट्या.
"रात्रभर जागाच असतो," ती म्हणाली,
"मी पाणी प्यायला गेले तरी दचकून उठतो.
लेकराचाच आहे ना तो, पाचवीतल्या?"

त्या रात्री नोंदींत काही आलं नाही.
सव्वातीनला फोन लावला.
पहिल्या रिंगला उचलला.
"झोपले होते," ती म्हणाली,
आणि मागे कुठेतरी
गाळणी आपटल्याचा आवाज झाला.