लागू असल्यास

पोर्टल रात्री बाराला बंद होणार. आत्ता नऊ चाळीस.
सिडको, सहावी योजना, पलंगावर लॅपटॉप.
चार्जर सैल, एका ठरावीक कोनात धरला
तरच जीव धरतो.

पहिलं नाव : रेवती.
मधलं नाव, ऐच्छिक.
मी भरलं. पुंजाराम.
आडनाव गांगुर्डे.

विषय संख्याशास्त्र. शीर्षक रकान्यात मावलं नाही,
'बेअरिंगच्या कंपनांवरून बिघाडाचा' इथेच तुटलं.
पुढचं 'पूर्वअंदाज' माझ्या पोटात राहिलं.

शिफारसपत्र टिळे सरांचं.
सर म्हणाले, मसुदा तूच कर, मी नजर टाकून सही करतो.
मग गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत बसून
मी माझ्याबद्दल परक्यासारखं लिहिलं :
ती चिकाटीची आहे. तिला अनिश्चिततेची भीती वाटत नाही.
सरांनी 'चिकाटीची'च्या आधी 'अत्यंत' घातलं.
दुसऱ्या वाक्यापाशी थोडे थांबले,
काही बोलले नाहीत.

प्रश्न अकरा. संशोधनाचा उद्योगाला उपयोग, दीडशे शब्दांत.
लिहिलं, यंत्र बंद पडण्याआधी कळेल, खर्च वाचेल.
किती वाचेल तेही लिहिलं, खालची-वरची मर्यादा देऊन.
कुणाचा वाचेल, ते विचारलं नव्हतं.

प्रश्न बारा. विदेचा स्रोत.
अंबडच्या एका शेडमधल्या चारशे बारा ध्वनिफिती,
प्रत्येकीपुढे खूण : ठीक, किंवा जाणार.
खुणा अण्णांच्या.
एकोणीस वर्षं ते यंत्राला स्क्रूड्रायव्हर टेकवतात
आणि त्याची मूठ कानाला.
पोलादातून वर येतं म्हणे सगळं.
गेल्या थंडीत जेवण झालं की
मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवायचे,
ते डोळे मिटायचे, उष्टा हात ताटावर तसाच वाळायचा.
"ही रडतेय."
"हिला ग्रीस नाही."
"ही शनिवार काढेल, रविवार नाही."
एकदा मी चोरून तीच फीत पुन्हा लावली.
उत्तर तेच, आणि वर,
"मघाशी झाली की ही."

माझं प्रारूप शंभरात एक्क्याण्णव वेळा त्यांच्याशी सहमत होतं.
उरलेल्या नऊ वेळा चुकलं कोण,
हे ठरवायला माझ्याकडे त्यांच्याशिवाय दुसरं माप नाही.
आणि अलीकडे डावा कान ते पुढे करतच नाहीत.
त्यात आता नुसतं पाणी वाजतं म्हणतात.

रकान्यात मी लिहिलं : तज्ज्ञांकडून चिन्हांकित.

प्रश्न सतरा. हितसंबंध.
पुरस्कर्त्या कंपनीत आपले कुणी नातेवाईक नोकरीस आहेत काय?
लागू असल्यास तपशील.
अण्णा पहिल्या पाळीची पिशवी भरत होते.
"काम कंपनीचं," म्हणाले, "शेड दुसऱ्याची,
आम्ही ठेकेदाराचे. नाही लिही.
त्यांच्या कागदावर आम्ही नाहीच."

किती सोपं. आणि खरंही.
खऱ्या उत्तरावर बोट इतका वेळ अडतं
हे आमच्या विषयात शिकवत नाहीत.

'नाही' निवडलं. खालची चौकट मात्र उघडीच होती,
म्हणून तिच्यात लिहिलं :
चारशे बारापैकी चारशे बारा खुणा पुंजाराम गांगुर्डे यांच्या, फिटर,
सदर इसम कंपनीचे नाहीत.
चौकट लाल झाली.
उत्तर 'नाही' असल्यास तपशील रिकामा ठेवा.

अकरा बावीस.
बारावर परत गेले.
'तज्ज्ञ' खोडलं, तिथे नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट.
रकान्याने ते निमूट घेतलं.
पाठवा.
चाक फिरलं, फिरत राहिलं,
मी चार्जर दोन्ही हातांनी धरून बसले,
मग एक नोंदणी क्रमांक आला, चौदा आकडी.

"गेला?"
"गेला."
"निकाल कधी?"
"मार्चअखेर."
अण्णा वाकले, उजवा कान लॅपटॉपजवळ नेला,
पंख्याची घरघर ऐकत राहिले.
"तोवर हा नाही टिकायचा," म्हणाले,
आणि दिवा घालवला.