दुसऱ्या गिअरात

धुळ्याला पारोळा रोडवर, टायरवाल्याच्या मागे
ती निंबाखाली उभी होती.
आधी फिरत्या दवाखान्याची गाडी,
मग कुणी दोन बाकं, एक ओटा, एक फुलाफुलांचा पडदा लावून
तिचं घर केलेलं.
खरवडलं तरी दारावरचं लाल अधिक
ऊन तिरपं झालं की दिसायचं.

"डिझेल आहे काकू, घाट लोण्यासारखा कापते."
लोणी कापत नाहीत, मी म्हटलं, कढवतात.
हे हसले नाहीत. हे बॉनेटखाली.
चौतीस वर्षं भुसावळच्या शेडमध्ये इंजिनांशी बोलले,
पण ती विजेची. डिझेल म्हणजे ह्यांना परक्या गावचं माणूस.

म्हणून अकील पिंजारीला आणलं.
त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला,
आणि डोळे मिटून उभा राहिला,
आतून कुणी गाऱ्हाणं सांगत असल्यासारखा.
"काळा धूर म्हणजे हवा कमी. पांढरा म्हणजे पाणी.
निळा निघाला तर घरी जा काकू, बसने."
निघाला करडा.
करड्याबद्दल तो काही बोलला नाही.

"कागदावर पंच्याऐंशी घोडे.
सारंगखेड्याच्या बाजारात उभे केले तर साठ भरतील.
त्यातले चार लंगडे."
"पण तोरणमाळ चढेल का?"
त्यानं चिंधीला हात पुसले, चिंधी खिशात घातली.
"गाडीमा जोर शे, काकू. तुमनामा धीर शे का?"

जिनिंगच्या काट्यावर नेली.
रिकामी सव्वीसशे ऐंशी. भरली की एकतीसशे.
म्हणजे आमचा संसार चारशे वीस!
तेव्हा मात्र हे हसले,
मग वही घेऊन बसले.
पाण्याची टाकी अर्धी: वजा साठ.
दुसरी गादी: वजा अकरा.
(एकीवरच झोपू, म्हणाले, आणि कान लाल झाले.)
"पाटा चौदा किलो आहे, शकू."
पाटा येणार, मी म्हटलं. मिक्सरात मिरची नुसती ओरडते.
ह्यांची हत्यारांची पेटी सतरा किलो.
तिच्यासाठी वहीत ओळ नव्हती.

शहाद्याहून पहाटे निघालो. म्हसावद, राणीपूर,
केळीच्या बागांवरून येणारी ओली हवा,
मग सातपुडा, खिडकीभर.
सात पायरीच्या पहिल्या वळणाला तिसरा गिअर.
दुसऱ्या वळणाला दुसरा.
तिथून एक पावरा बाई डोक्यावर मोळी घेऊन
आमच्या बरोबरीनं चालायला लागली.
मोहाच्या फुलांचा भाव विचारून झाला,
तिच्या नातवाची शाळा विचारून झाली,
मग ती पुढे निघून गेली.

चौथ्या वळणाला काटा लालात.
हे ब्रेकवर उभे, खरोखरच उभे.
"दगड लाव! दगड!"
रस्त्यावरचे सगळे मुठीएवढे.
मी पाटा उचलला,
टाकी लावलेली बाजू चाकाकडे करून
मागच्या टायरखाली सारला.
गाडी कुरकुरली, एक इंच मागे आली, टेकली.

इंजिन निवायला दीड तास.
टोपण उघडायचं नाही, अकीलनं बजावलं होतं.
आम्ही कळण्याची भाकरी खाल्ली.
ठेचा डब्यातला. पाटा कामावर होता.
खाली राणीपूरची छपरं चमकत होती,
हे वहीकडे बघत होते, काही लिहीत नव्हते.

निघताना पाटा काढायचा कुणी?
मी काढला.
"थांबू नका," ओरडले, "थांबलात तर परत उठणार नाही ती!"
गाडी पहिल्यात उठली, थरथरली, दुसऱ्यात गेली,
आणि मी मागून, पाटा छातीशी धरून, पायी.
वहीत लिहायचं राहिलं:
पाटा, वजा चौदा. शकू, वजा अठ्ठावन्न.

पुढच्या वळणावर ती बाई मोळी उतरवून बसली होती.
तिनं आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पाट्याकडे,
आणि दगडावरून जरा बाजूला सरकली.
धूर अजून करडाच होता.