त्रेचाळीस पौंडांची ओढ

सलग तीन रविवार
बाबांचे बाण गवताच्या गठ्ठ्यात डावीकडेच रुतले.
"खाडीवरचा वारा," ते म्हणाले
आणि गुडघ्यावर हात टेकत, एकेक उपटून आणला.

चौथ्या रविवारी ते डुलकी घेत होते.
मी धनुष्य खुंटीवरून उतरवलं.
बाहूच्या आतल्या अंगाला शाईनं आकडा लिहिलेला असतो.
पंचावन्न होता.
आता त्रेचाळीस.

म्हणजे खांद्याच्या ऑपरेशननंतर
वेंडेलच्या दुकानात जाऊन गुपचूप बाहू बदलून आणले.
आईला सांगितलं नाही, मला नाही.
एल्कचं नाव घेणं बंद केलं होतं, ते का, हे आत्ता कळलं.
बाण मात्र जुनेच ठेवले,
पंचावन्नच्या ओढीसाठी निवडलेले.

सुटलेला बाण सरळ जात नाही.
आधी धनुष्याला वळसा घालताना वाकतो, मासळीसारखा,
मग उलटा वाकतो, मग सावरतो.
ओढ कमी आणि कणा ताठ असला
तर तो वळसा त्याला जमतच नाही.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणारा बाण
डावीकडे जातो. एवढंच.

कोकीलच्या गिरणीतून सीडरच्या शंभर काड्या आणल्या.
तासल्या की आल्यासारखा वास सुटतो, बोटांना दोन दिवस राहतो.
टेबलावर घरंगळवल्या. डुगडुगल्या त्या बाजूला,
त्यांच्यावर पुढच्या उन्हाळ्यात टोमॅटो चढतील.
उरलेल्या दोन खुंट्यांवर आडव्या ठेवून
मधोमध दोन पौंडांचं वजन टांगलं
आणि काटा किती सरकतो ते पाहत बसले.
लाकडाला एवढंच विचारायचं असतं, किती वाकशील.
माणसाला विचारायची सोय नाही.

बारा निघाल्या. मग तराजू,
गुंजभरही फरक चालत नाही. सात.
एक खाच बसवताना चिरली. सहा.

पिसं टर्कीची, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची लागतात,
डावं-उजवं मिसळलं की बाणाला कळेनासं होतं कुणीकडे फिरायचं.
बाबा कायम उजव्या पंखाची लावतात.
वेंडेलकडे डावीच शिल्लक होती.
"ऑरिनला चालतील?" त्यानं विचारलं,
आणि माझ्याकडे न बघता पैसे मोजले.
एकेक पीस चिमट्यात पंधरा मिनिटं. अठरा पिसं.
मध्ये आई कॉफी ठेवून गेली, काही बोलली नाही.

शेवटी रंग.
बाबांच्या बाणांवर दोन हिरवे पट्टे, मध्ये केसाएवढा पिवळा.
तसेच काढले, खोटी सही करावी
तसा श्वास धरून.
जुने सहा फ्रीजरच्या मागे लपवले, नवे त्यांच्या भात्यात.

रविवार.
त्यांनी पहिला बाण काढला, बोटावर आडवा तोलला,
अंगठ्यानं किंचित दाबला.
पिसावरून नख फिरवलं. उलटं. पुन्हा एकदा.
मी कुंपणाची सैल तार बघत राहिले.
"डाव्या पंखाची आहेत," ते म्हणाले.
बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
मग त्यांनी ओढलं,
गालापर्यंत, खांदा थरथरला तरी गालापर्यंत,
आणि सोडलं.

गठ्ठ्याच्या बरोबर मधे.

बाबा धनुष्य खाली घेऊन उभे.
ओढ्याकाठच्या आल्डरची पानं सगळी
पांढरी पाठ दाखवत उलटीपालटी होत होती.
"वारा पडला वाटतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "मघाशीच."